सेल्फ घेत नाही : टेस्ट लॅम्प आणि मीटर यांचा वाद

पळस्पे फाट्यावर रस्ते फुटतात. पनवेलहून आलेला जुना मुंबई-पुणे रस्ता सरळ खोपोलीकडे जातो आणि उजवीकडे गोव्याचा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, कर्नाळ्याच्या दिशेने निघतो. गणपतीच्या आधी मागच्या सीटवर बॅगा बांधून कोकणात निघालेली मंडळी या पट्ट्यात चहाला, पेट्रोलला थांबतात. तासभर पावसात भिजलेली मोटरसायकल दहा मिनिटं उभी राहते आणि मग सुटत नाही. टाकीत पेट्रोल आहे, चावी फिरवली आहे, बटण दाबलं आहे, आणि इंजिन मात्र ढिम्म. बिघाड विजेचा आहे एवढं नक्की. पण शोधायला सुरुवात कुठून करायची?

या प्रश्नावर गॅरेजवाल्यांत दोन पक्ष आहेत. जुने वायरिंगवाले इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेल्या टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवतात. आयटीआय करून सर्व्हिस सेंटरला काम केलेली मुलं मल्टिमीटर आणि स्कॅनरशिवाय गाडीला हात लावत नाहीत. या दोन पक्षांना मी इथे मामा आणि भाचा म्हणून समोरासमोर बसवलं आहे. माणसं रचलेली आहेत, वाद खरा आहे. आणि त्यात माझंही मत आहे, ते मध्ये मध्ये सांगणार आहे.

भाचा : मामा, तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा. स्टार्टरच्या रिलेची दोन टोकं जोडून ठिणग्या पाडायच्या, याला तपासणी म्हणत नाहीत.

मामा : का नाही? टोकं जोडली आणि मोटर जोरात फिरली, तर बॅटरी चांगली, मोटर चांगली. दोष रिलेत, नाहीतर बटणापासून रिलेपर्यंतच्या वायरीत. दोन सेकंदांत अर्धी गाडी तपासून होते. तू मीटरच्या वायरींचा गुंता सोडवेपर्यंत गिऱ्हाईक वडखळला पोचलेलं असतं.

भाचा : आणि गाडी गियरमध्ये असली तर? न्यूट्रलचा स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच, सगळ्यांना बगल देऊन तुम्ही करंट थेट मोटरला देता. गाडी स्टँडवरून उडी मारते. त्यात कुठे पेट्रोल पाझरत असेल तर त्याच्याशेजारी ठिणगी.

मामा : न्यूट्रल हाताने हलवून बघितल्याशिवाय मी ते करत नाही. पण शिकाऊ पोराच्या हातात ही युक्ती देऊ नये, हे मान्य. बरं, मग तू आधी काय करतोस?

भाचा : बॅटरीचे व्होल्ट बघतो.

मामा : इथेच तुझं चुकतं. आधी कान द्यायचा. बटण दाबल्यावर गाडी काय बोलते? रिले कट-कट-कट असं भराभर वाजतोय, म्हणजे बॅटरी बसलेली आहे नाहीतर तिचं टर्मिनल ढिलं आहे. रिले ओढला की व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, पुन्हा ओढतो. एकदाच 'टक्' होऊन शांत, म्हणजे रिलेला हुकूम पोचला, पण मोटरपर्यंत करंट पोचत नाही किंवा मोटरचे ब्रश गेलेत. आणि काहीच आवाज नाही, म्हणजे हुकूमच पोचला नाही. तेव्हा बटण, क्लचचा स्विच, फ्यूज, या बाजूला बघायचं. मोटर फिरतेय पण गाडी पेटत नाही, हे चौथं दुखणं. ते अगदी वेगळं. तिथे स्टार्टर उघडून बसणाऱ्याचा दिवस फुकट जातो.

भाचा : हे बरोबर. त्यात एक घाला. इंजेक्शनची गाडी असेल तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घूंऽ ऐकू आली पाहिजे. नाही आली, तर पहिल्यांदा किल स्विच. मग गाडी पडली होती का, ते विचारायचं. गाडी कलंडली की एक सेन्सर इंजिन बंद पाडतो. उभी केल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली नाही तर पुष्कळ गाड्या सुटत नाहीत. चिखलात घसरून पडलेली गाडी लोक ढकलत गॅरेजपर्यंत आणतात, आणि दुखणं चावीच्या एका फेऱ्याचं असतं.

ऐकणं ही सुद्धा एक चाचणी आहे, आणि तिला पैसा लागत नाही. गाडीवाल्यांनी गॅरेज गाठण्याआधी तिचे आवाज नीट ऐकून ठेवले तर मेकॅनिकचं अर्धं काम सोपं होतं. 'चालूच होत नाही' या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. 'एकदा टक् होतं आणि दिवे मंद होतात' या वाक्यातून पुष्कळ कळतं.

मामा : आता बॅटरी. माझी रीत साधी आहे. हॉर्न दाबायचा, इंडिकेटर लावायचा. हॉर्न घोगरा, इंडिकेटर अडखळतोय, बॅटरी बसली.

भाचा : आणि हॉर्न खणखणीत वाजला, तर बॅटरी चांगली?

मामा : नाही. हॉर्नला लागतो तीन-चार अँपिअर. स्टार्टरला त्याच्या कितीतरी पट.

भाचा : म्हणून मी मोजतो. उभ्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट, म्हणजे भरलेली. १२.४ ला जेमतेम पाऊण. १२ च्या आसपास आली की जवळजवळ रिकामी.

मामा : तुझ्या त्या १२.६ ने किती लोकांना फसवलंय! बॅटरी जुनी झाली, आतल्या प्लेटा खराब झाल्या, तरी रात्रभर चार्ज केली की सकाळी मीटर १२.६ दाखवतो. सेल्फ मारला की धाडकन खाली.

भाचा : म्हणून मीटर लावून ठेवायचा आणि मग सेल्फ मारायचा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली गेला नाही, तर बॅटरी ठीक. सात-आठवर कोसळला, तर बॅटरी गेली. दोष मीटरचा नाही मामा. उभ्या गाडीत मोजून समाधान मानणाऱ्याचा आहे.

मामा : हे तू नीट बोललास. म्हणजे तुला जे मीटरने कळतं ते मला बल्बने कळतं : भार टाकल्याशिवाय खरं कळत नाही.

इथे दोघं एका जागी आले. या जागेवर थोडं थांबायला हवं, कारण विजेच्या बहुतेक चुकीच्या निदानांचं मूळ इथेच आहे. वायरीत व्होल्टेज असणं वेगळं आणि त्या वायरीतून पुरेसा करंट जाऊ शकणं वेगळं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे वायर आतून तुटलेली असली, तिची गंजलेली टोकं एकमेकांना जेमतेम टेकत असली, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवणारच. इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब पाऊण-एक अँपिअर ओढतो. एवढा भार अर्धमेल्या वायरीला पेलत नाही, आणि तिचं खरं रूप दिसतं.

मामा : हीच गाडी घे. हँडल सरळ असलं की गाडी सुटते, उजवीकडे वळवलं की सगळं बंद. हँडल उजवीकडेच ठेव. इग्निशन स्विचमधून बाहेर आलेल्या वायरीवर तुझा मीटर काय म्हणतो?

भाचा : १२.३.

मामा : आता मीटर तसाच राहू दे, आणि त्याच वायरीला माझा बल्ब लावतो. बघ.

बल्ब पेटला नाही. त्यातली तार नुसती लालसर झाली. मीटरचा आकडा ४ वर आला. मामांनी स्टेअरिंगच्या मानेजवळची काळी पट्टी ब्लेडने उभी कापली. आतल्या वायरीचं प्लास्टिक वरून शाबूत दिसत होतं. बोटांत धरून वाकवलं तर एक जागा मऊ लागली. ती सोलली. आतल्या तांब्याच्या तारांपैकी एकही धड नव्हती, तुटलेल्या टोकांवर हिरवी पूड बसली होती आणि ती एकमेकांना जेमतेम टेकत होती. हँडल हजारो वेळा वळतं आणि वायर दर वेळी त्याच बिंदूवर मोडते, म्हणून हा दोष बहुधा इथेच सापडतो.

भाचा : मान्य. इथे बल्ब जिंकला. पण हाच बल्ब तुम्ही इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरच्या वायरीला लावाल तर?

मामा : तिथे मी हात घालत नाही.

भाचा : घालूही नका. १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी विकायची तर ती बीएस-६ च लागते, आणि त्यामुळे बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्यांच्या सेन्सरना ५ व्होल्ट मिळतात, करंट अगदी थोडा. तिथे बल्बचा भार टाकला तर ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आतलं सर्किट जळू शकतं. दीड-दोन हजारांची बॅटरी वाचवायला गेलात आणि कित्येक हजारांचा ईसीयू घालवलात. तसंच चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' बघणं. जुन्या गाड्यांत चालून जायचं. आता बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि जे नाजूक असेल ते मरतं.

मामा : मग चार्जिंग कसं बघतोस?

भाचा : बॅटरी जागेवर ठेवून. इंजिन चालू, थोडी रेस दिली की बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. रेस देऊनही १२.५ च राहिलं, तर मॅग्नेटोची कॉइल, रेक्टिफायर किंवा मधला कपलर, म्हणजे वायरींचा जोड. १५ च्या वर गेलं, तर रेक्टिफायर आवरत नाही, बॅटरी उकळणार.

मामा : आमच्या वेळच्या शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना याची फिकीर नव्हती. प्लगला ठिणगी देणाऱ्या सीडीआयला लागणारी वीज मॅग्नेटोतल्या वेगळ्या कॉइलमधून यायची. बॅटरी काढून घरी ठेवली तरी किकवर गाडी सुटायची.

भाचा : आणि म्हणून लोकांना अजून वाटतं की ढकलली की सुटेल. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली तर पंप चालत नाही, ईसीयू जागा होत नाही. मागून चार जण ढकलून दमतात. त्यापेक्षा दुसऱ्या मोटरसायकलच्या बॅटरीवरून जम्पर लावावा, अधिकाला अधिक, आणि उणी वायर शेवटी इंजिनच्या उघड्या धातूवर.

मामा : बरं. तुझ्या मीटरने असं काही दाखव, जे माझ्या बल्बला जमणार नाही.

भाचा : ती गाडी बघा, चार महिन्यांत दुसरी बॅटरी घातलेली. तरी सेल्फ जड फिरतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या खिळ्यावर, दुसरं थेट इंजिनच्या केसिंगवर. दोन्ही उणेच, म्हणजे मीटर शून्य दाखवणार. आता सेल्फ मारा.

मीटरवर १.८ आलं. बॅटरीपासून इंजिनपर्यंतच्या जाडजूड काळ्या वायरीत जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच मरत होते. चांगल्या जोडात हा आकडा ०.२ च्या आत असतो. भाच्याने अर्थचा बोल्ट काढला. वायरीच्या टोकाची गोल कडी आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये गंजाचा तपकिरी थर होता, एका बाजूला रंगाचा पोपडा अडकलेला. पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, बोल्ट आवळला, वरून थोडी पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा सेल्फ मारला. ०.१. दुसरी बॅटरी घेतली नसती तरी चाललं असतं. पहिलीही बहुधा चांगलीच होती.

मामा : हे मला बल्बने एवढं स्पष्ट दिसलं नसतं, खरं आहे. मी अर्थला दुसरी जाड वायर लावून बघितलं असतं, फिरतो का म्हणून.

भाचा : तीही चाचणीच आहे, मामा. पण किती बिघडलंय ते आकड्याने कळतं, आणि दुरुस्त झालं की नाही तेही आकड्यानेच.

मामा : आता तुमच्या स्कॅनरचं बोलतो. सर्व्हिस सेंटरात मशीन लावतात, कोड येतो, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव तो सेन्सर बदलतात. दुखणं असतं कपलरमध्ये शिरलेल्या पाण्याचं. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत.

भाचा : कोड गल्ली दाखवतो, घर दाखवत नाही. त्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे, एवढंच तो सांगतो. सेन्सर, वायर, कपलर, अर्थ, यांपैकी काय, ते मोजून ठरवायचं. मोजत नाहीत हा मशीनचा दोष नव्हे.

मामा : कोणाचाही असो, पैसे गिऱ्हाइकाचे जातात.

भाचा : आणि रस्त्यावरच्या गॅरेजात स्विचला बगल देऊन जे 'डायरेक्ट' मारून देतात ते? स्टँडचा स्विच चिखलाने अडकला, डायरेक्ट. क्लचचा स्विच गेला, डायरेक्ट. फ्यूज सारखा उडतो, तर त्या जागी तांब्याची तार नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी. माणूस स्टँड खाली ठेवून निघतो आणि कर्नाळ्याच्या खिंडीतल्या पहिल्या डाव्या वळणाला स्टँड रस्त्याला घासतो.

मामा : रात्रीचे अकरा वाजलेत, पाऊस कोसळतोय, बाई आणि पोर बरोबर आहे, आणि घरी जायचंय पेणला. त्या वेळी स्पेअर कुठून आणू? डायरेक्ट करून त्यांना घरी पोचवणं हेही कामच आहे.

भाचा : स्टँडचा स्विच डायरेक्ट करा, पण सांगा. बिलावर लिहा. फ्यूज मात्र कधीच नाही. १० चा उडाला तर १० चाच. तो पुन्हा उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तार घातली तर फ्यूजऐवजी वायरिंगचं अख्खं हार्नेस जळेल.

मामांची बाजू मला इथे पटते आणि भाच्याचीही. अडलेल्या माणसाला घरी पोचवणं ही गॅरेजवाल्याची माणुसकी आहे. पण सुरक्षेचा स्विच काढून टाकल्याचं गाडीवाल्याला न सांगणं हा अन्याय आहे, मग पैसे कितीही कमी घेतले तरी.

भाचा : एवढे फ्यूज उडतात तरी का, हे तुम्हाला माहीत आहे. गोवा रस्त्याला निघण्याआधी लोक फॉग लॅम्प लावून घेतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे नऊ अँपिअर. लहान गाडीचा मॅग्नेटो सगळं मिळून शे-दोनशे वॅटचा. त्यात एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. बॅटरीत भरायला उरतं काय?

मामा : आणि लावणारा रिले घालत नाही, हेडलाइटच्या वायरीला ब्लेडने चीर देऊन पीळ मारतो, वर टेप. पहिल्या पावसात टेपखाली पाणी. माझ्याकडे न सुटणारी गाडी आली की मी आधी विचारतो : कंपनीच्या वायरिंगनंतर कोणी काय काय जोडलंय? चोरीचा अलार्म, मोबाइलचा चार्जर, मोठा हॉर्न? आधी ते सगळं सोडवायचं. बऱ्याच गाड्या तिथेच सुटतात.

भाचा : यात आपलं भांडण नाही.

मामा : पाण्यातही नाही. २६ जुलै २००५ ला या भागात पाणी चढलं, तेव्हा गाड्या बुडाल्या होत्या. बुडालेल्या गाडीला पहिल्यांदा चावी लावायची नाही. बॅटरीची उणी वायर आधी काढायची. ओल्या कपलरमधून करंट गेला की पितळेच्या पिना हिरव्या पडतात, काही दिवसांत खाऊन जातात. कपलर एकेक सोडवायचे, हवा मारायची, वाळवायचे, मग बॅटरी.

भाचा : आणि बुडायची गरजही नाही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप हँडलच्या स्विचवर आणि सीटखाली धरला की तेच होतं. धुतल्यानंतर सुटत नाही अशी गाडी आली, तर मी प्लग कॅप आणि किल स्विच आधी बघतो.

मामा : प्लगचा करंट कसा बघतोस? आम्ही कॅप काढून इंजिनपासून लांब धरायचो, किती उडी मारतो ते.

भाचा : ते सोडा आता. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आत वाट काढते. सुटा प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं लोखंड इंजिनला घट्ट टेकवायचं, प्लगच्या भोकापासून दूर, आणि मग सेल्फ मारायचा. आणि कॅपला तडा आहे का ते दिवसा दिसत नसेल तर अंधारात बघायचं. ओलाव्यात तड्यातून निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते.

बल्ब की मीटर, या वादात मला विजेता निवडायचा नाही, पण निकाल द्यायचा आहे. भार पेलण्याच्या वायरी, म्हणजे दिवे, हॉर्न, इग्निशन, फ्यूज, इथे मामांचा बल्ब जलद आणि विश्वासाचा. अर्थ, चार्जिंग आणि ईसीयूशी संबंधित सगळं, इथे मीटरशिवाय हात लावू नये. आणि दोघांपैकी कोणाकडेही गेलात तरी नियम एकच : जो भाग खराब असल्याचं दाखवता येत नाही, तो बदलायचा नाही. चांगली बॅटरी काढून नवी घालणाऱ्याने गिऱ्हाइकाचं दोन वेळा नुकसान केलेलं असतं. पैसे जातात, आणि खरा दोष गाडीतच राहतो.

म्हणून गाडीवाल्यांना माझी विनंती आहे. भाग बदलायला होकार देण्याआधी 'कसं तपासलंत ते दाखवा' असं नम्रपणे विचारा. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही, त्याला दाखवायला आवडतं. काढलेला जुना भाग मागून घ्या. काही डायरेक्ट केलं असेल तर ते बिलावर लिहून घ्या. आणि गणपतीला निघण्याच्या आदल्या रविवारी, सगळं सामान बांधायच्या आधी, सीट काढून बॅटरीचे दोन्ही बोल्ट पान्याने आवळा, इंजिनचा अर्थ घासून साफ करा आणि फ्यूजच्या डबीत त्याच अँपिअरचे दोन सुटे फ्यूज आहेत का ते बघा. नसतील तर पळस्प्याच्या आधीच विकत घ्या.